सील केलेला डबा

माझ्या सासूबाईंना, बेबीताईंना, एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आमचा अंकुर जेवून गेला की उपाशी?

अंकुर माझा नवरा, पोलिसात होता. नेरच्या रस्त्यावर नाकाबंदीला उभा असताना वाळूच्या टिप्परनं त्याला उडवलं. भेटायला आलेला जो तो, साहेबापासून सरपंचापर्यंत, "जेवला होता हो माय" असंच सांगायचा. सासूबाईंचा एकावरही विश्वास नाही.

"खोटं बोलून राह्यले सारे. तू डबा आन. मी पाह्यतो."

डबा होता ठाण्यात. अंकुरच्या मोटारसायकलला लटकलेला, म्हणून गाडीबरोबर तोही पुराव्याचा मुद्देमाल झाला. कापडात बांधून वर लाखेचं सील. मागायला गेलं की ठरलेलं उत्तर, कोर्टाचा आदेश आणा. हे वाक्य मला पाठ होतं. मुद्देमालाची खोली अंकुरकडे होती तेव्हा तोही लोकांना हेच ऐकवायचा आणि घरी येऊन हसायचा. आता भोगा म्हणावं. हेलपाटे घालून माझ्या नाकी नऊ आले, आणि घरी पाऊल टाकायच्या आत सासूबाईंचं सुरू, "आनला काय?"

शेवटी त्यांनाच सोबत घेऊन गेले. म्हटलं, आता पोलिसांनीच निस्तरावं.

खोली आता मुख्तारभाऊंकडे. त्या दिवशी नाक्यावर अंकुरसोबत तेच होते. त्यांनीही आदेशाचं पालुपद लावलं तसं माझं डोकं फिरलं.

"भाऊ, त्याले खांदा द्याले तुम्ही पुढं होते. अन् त्याचा डबा दाखवाले कोर्ट लागते?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नेऊ नको देऊ बापा. खोलू बी नको. नुसता हातात दे."

मुख्तारभाऊंनी गाठोडं आणलं.

"कोनं उघडलता काय?"

"नाही माय. होता तसाच सील केला."

सासूबाईंनी ते तळहातावर तोललं, कानाशी हलवलं. अंकुरचा डबा रोज त्याच भरायच्या, वजन त्यांना कळणारच.

"रिकामा हाय," त्या म्हणाल्या. "जेवला माहा लेक." डोळ्यांना पदर लावून त्या बाहेर गेल्या.

मीही निघाले, तर मुख्तारभाऊंनी थांबवलं. त्यांची मान खाली होती.

"वहिनी, तुमाले खरं सांगतो. माहे रोजे सुरू होते. सांजच्याले रोजा सोडाले जवळ काहीच नव्हतं. अंकुरनं डबा माह्यापुढं सरकवला. म्हणे, तू खा, मी घरी जाऊन जेवतो. म्या सारा खाल्ला."

मला त्यांचा राग आला नाही. अंकुरचा मात्र असा आला की समोर असता तर चांगला फैलावर घेतला असता. घरी जाऊन जेवतो म्हणे. आला का मग?

बाहेर सासूबाई पायरीवर बसल्या होत्या.

"काय म्हणे मुख्तार?"

इतके दिवस मी ज्यांच्या नावानं बोटं मोडत होते, त्या सगळ्या खोटारड्यांत मीही जाऊन बसले.

"म्हणे, भाकर मऊ झालती."

"होनारच," सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चाल आता घरी. मले भूक लागली."