शेपटीवरची लोकर

लोकरीचा तो तुकडा उलटा वळला होता... बोटभर लांबीचा, आणि मागच्या काचेखाली, जिथे त्याने वाऱ्याबरोबर मुकाट मागे निजायला हवं होतं, तिथे तो पुढे तोंड करून ताठ उभा होता. पार्जिटरने भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. छायाचित्रात, वारा कसा वाहतो ते दिसावं म्हणून गाडीभर चिकटवलेले बाकीचे तुकडे शहाण्यासारखे निजले होते. शेपटीवरचे मात्र सगळेच उभे. म्हणजे ताशी एकशेवीस मैलांनाच वारा गाडीला मागून वर उचलत होता — आणि आज दुपारी चाचणीचालक ट्रँटर हीच गाडी दीडशेला नेणार होता.

ती शेपूट गाडीचे रचनाकार ऑर्मरॉडसाहेबांनी स्वतः घडवलेली. सहा महिने ते मातीच्या नमुन्यावरून, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होते. वारा शेपटीला खाली दाबेल, तिच्या कडेला बोटभर उंच पट्टी लावा, असं पार्जिटरने जानेवारीत म्हणून पाहिलं होतं. "पार्जिटर, नवरीच्या नाकावर चामखीळ चिकटवायला सांगताय तुम्ही!" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. तोही हसला — तो का हसला, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

सकाळच्या चहाला साहेबांनी ट्रँटरचा कालचा अहवाल त्याच्यापुढे सरकवला.

"वाचा. 'मागून जराशी हलकी वाटते.' बस, एवढंच! तुम्ही उगाच बाऊ करता. जिनिव्हाचं मोटारींचं प्रदर्शन नऊ दिवसांवर आलंय. करा आजच्या चाचणीच्या परवान्यावर सही."

जराशी... ट्रँटरची भाषा साहेबांना काय ठाऊक! युद्धात जर्मनीवरून परतताना विमानाची निम्मी शेपूट उडाली होती, विमान ट्रँटर चालवत होता, पार्जिटर मागे नकाशा घेऊन बसलेला, आणि ट्रँटर म्हणाला होता, "मागनं जरा वारा येतोय रे, दार उघडं राहिलंय का?" त्या माणसाने 'जराशी' लिहिलं म्हणजे काल त्याला मरण दिसलं असणार. या अख्ख्या कारखान्यात हे फक्त मला कळतं... पण ते सांगायचं म्हणजे ट्रँटर घाबरलाय असं सांगायचं, आणि ते तो मला जन्मात माफ करणार नाही. पार्जिटरने सही केली. अक्षर नेहमीसारखंच नेटकं आलं.

दुपारी जुन्या धावपट्टीवर ट्रँटर हातमोजे चढवत होता; पार्जिटर चाचणी थांबवायचं लाल निशाण घेऊन शेजारी उभा.

"काय रे, तोंड का असं? बायकोनं पुन्हा उकडलेला कोबी वाढला वाटतं!"

"ट्रँटर —"

"बोल की."

"काही नाही. सांभाळून जा."

"दीडशेनं, आणि सांभाळून? बरं बुवा!"

दार लागलं. गाडी पार दुसऱ्या टोकाला गेली, वळली, थांबली. इतकी देखणी गाडी पार्जिटरने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्याला तिची भीती वाटली.

प्रिय एनिड... क्लाइव्ह ट्रँटरच्या बायकोला लिहायचं पत्र मनात आपोआप सुरू झालं. क्लाइव्ह गेला तो आवडतं काम करता करता... त्याने ते झटकलं. ते परत आलं, अधिक नीट होऊन. 'आवडतं' नको, 'जिवाभावाचं' बरं. दूर इंजिन गुरगुरलं. हातातलं लाल निशाण नुसतं वर केलं असतं तरी चाचणी थांबली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आधी पत्रातलं हे वाक्य पुरं व्हायला हवं, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.