आठ नंबरच्या पलंगाजवळ चपला काढाव्यात

१९८७ च्या ऑक्टोबरात माझा थोरला भाऊ धाकूदादा ठाण्याच्या मनोरुग्णालयात आठ नंबरच्या पलंगावर होडी घेऊन बसलेला. म्हणजे पलंग हीच होडी, आणि खालची फरशी ती खाडी. आम्ही कोळी. डोकं फिरलं तरी धंदा सुटत नाही.

होडीला माझी हरकत नव्हती. अडचण पाण्याची होती. दोन दिवस त्याने थेंब घेतला नव्हता, गोळ्या तर लांबच. ओठ फाटलेले. ग्लास घेऊन जवळ गेलं की ओरडायचा, "उतर! होरी बुरंल!" म्हणजे होडी बुडेल, आणि ग्लास आपल्याच अंगावर यायचा.

डॉक्टर म्हणाले, "चारपर्यंत प्यायला नाही, तर चौघांनी धरून नाकातून नळी घालावी लागेल. जिवावर बेतायची वेळ आलीय."

दादाला चौघांनी धरणं म्हणजे काय, हे त्या चौघांना माहीत नव्हतं. मला दोन्ही बाजूंची काळजी वाटायला लागली.

वॉर्डात गोदा सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, मोहन्याहून यायच्या. सकाळपासून हातातली कामं उरकत नुसत्या दादाकडे बघत होत्या. दोनला ड्यूटी संपली, तरी गेल्या नाहीत. मला बोलावलं.

"चंदू, हा झाडूवाल्या मावशीवर ओरडत नाही."

"हो?"

"शेजारच्या पेशंटवरही नाही. तो तर याच्या उशीवर बसून गेला. माझ्यावर ओरडतो, डॉक्टरांवर ओरडतो, तुझ्यावर सगळ्यात जास्त."

"माझ्यावर लहानपणापासून ओरडतो."

"ते दोघं अनवाणी असतात. तुमच्यात पायात चपला घालून होडीत चढतात का रे?"

मी खाली बघितलं. पायात नवेकोरे बूट. आमच्या आजोबांनी याच कारणासाठी सख्ख्या जावयाला खाडीत ढकललेलं, तेही हळदीच्या दिवशी. आणि मी तीन दिवस एक बूट दादाच्या होडीवर टेकवून त्याला 'शहाण्यासारखं वाग' म्हणून सांगत होतो.

सिस्टरनी चपला दाराशी काढल्या. तेवढ्यात डॉक्टर नळी आणि चौघांना घेऊन आले.

"सिस्टर, त्याच्या भ्रमाला खतपाणी घालू नका."

"मी कुठे होडी म्हटलं, सर? चपला काढल्या. कोणाच्याही घरी काढतोच की. तुम्हीही काढा."

डॉक्टरांनी बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर बघत होता. मग चौघांनी चपला काढल्या, मी बूट काढले. दारातला ढीग बघून व्हरांड्यातले दोन नातेवाईक हात जोडून आत आले आणि पूजा कसली आहे म्हणून विचारायला लागले. त्यांना थांबवलं.

सिस्टर पलंगाशी गेल्या. "धाकूशेठ, येऊ का?"

दादाने त्यांचे पाय बघितले. बराच वेळ. मग स्वतःचे पाय आखडून जागा केली. सिस्टर टेकल्या.

"पानी खारं हाय," दादा म्हणाला.

"नळाचं आहे." सिस्टर आधी स्वतः अर्धा ग्लास प्यायल्या.

"गोरं हाय?"

"गोडं आहे."

दादा तीन ग्लास प्यायला. चौथ्याला त्या म्हणाल्या, "ही गोळी. डोकं शांत होईल." खोटं एक अक्षर नाही. दादाने गोळीच्या आकारावरून वाद घातला आणि गिळली.

मला तेव्हा शिंक आली, असं मी सगळ्यांना सांगितलं. शिंक बराच वेळ चालली.

नळी परत गेली. चौघांपैकी एकाची चप्पल कोणीतरी नेलेली. सिस्टरनी केसपेपरवर पुढच्या पाळीसाठी लिहिलं, 'अनवाणी जावे. आधी विचारावे. थांबावे.' आणि सव्वाचारला घरी निघाल्या, जसं काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली डॉक्टरांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती, खाली रीतसर सही: 'मोजेही काढावेत.'