मेंगियामावशीची हरकत

रिश कापाउलने मला खांबांचा नकाशा दिला, तेव्हाच मला कळलं की नव्या शाळेचं छप्पर मेंगियामावशीच्या स्वयंपाकघरातलं ऊन खाणार. मी सुतार आहे, गाढव नाही. जानेवारीत आमच्या गावात सूर्य साडेअकराला डोंगरावर येतो आणि एक-दीडला पलीकडे उतरतो. तेवढा वेळ मावशी खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. ऐंशी वर्षांच्या बाईला दुसरी चैन कसली?

रिश आणि मी एका बाकावर शिकलो. तो पुढे झुरिकला जाऊन वास्तुकार म्हणून नावाजला. कारखाने बांधले, दिवे केले, त्याचं तीन पायांचं स्टूल म्हणे जपानपर्यंत पोचलं. त्याचं तत्त्व एकच: वस्तूतलं एकेक काढत जायचं, आणि ज्याच्यावाचून अडेल तेवढंच परत लावायचं. त्याचं रिकामं घर बघून नवा पाहुणा विचारतो, "सामान यायचंय का अजून?" पण पिकतं तिथे विकत नाही. चाळीस वर्षांत आमच्या गावाने त्याला साधा गोठासुद्धा बांधायला सांगितला नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी शाळा मिळाली, तर गडी पोरासारखा हरखला होता.

आमच्याकडे काहीही बांधायचं तर आधी त्या जागी छपराच्या उंचीचे खांब उभे करतात. वर दोरी ताणतात. वीस दिवस गाव बघतं. कुणी लेखी हरकत घेतली की प्रकरण ग्रामसभेत जातं, आणि तिथून काही धड बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणून मी खांब मीटरभर आखूड कापले. शाळा उभी राहिल्यावर कोण मोजतंय? मावशीने खिडकीतून दोरी बघितली, खूश झाली आणि मला अक्रोडाचा केक दिला. मी तो खाल्लाही. घशाखाली उतरला कसा, याची अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी रिश आला. रस्त्यावरूनच त्याने एक डोळा मिटून बघितलं.

"क्लाऊ, माझा एक मीटर कुठे गेला?"

"बर्फात रुतला असेल."

"साठ वर्षं झाली, तुला थाप मारता येत नाही. का कापलास?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. त्याने शिव्या घातल्या नाहीत, पण चेहरा पार उतरला.

"खरी उंची लाव. आत्ताच्या आत्ता. मी मावशीकडे बसतो."

मी खांबांना तुकडे ठोकले, दोरी वर चढवली आणि बूट झटकून आत गेलो. रिश टेबलाशी बसला होता. समोरचं जवाचं सूप निवलं होतं आणि त्याची नजर खिडकीबाहेर होती. साडेबारा झाले. सूर्य जेवढा चढायचा तेवढा चढला, तरी दोरीच्या वीतभर खालीच राहिला. म्हणजे मावशीच्या वाट्याचा सगळा सूर्य त्याच्या छपरामागे जाणार होता.

"मावशी, हरकत घेणार?" त्याने विचारलं.

"छे रे! पोरं एका खोलीत कोंबलीत. त्यांना वर्ग नकोत का? मी आपली दिवा लावीन."

"घे हरकत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझीच शाळा ना ती?"

"दाखल केलेल्या नकाशाला मला आता हात लावता येत नाही. हरकत आली तरच बदलता येईल. कागद आण."

माझं डोकं फिरलं. "अरे, सभेत गेलं की संपलं! झुरिकच्या माणसाला नाही म्हणायला टपलेत सगळे. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस?"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण जन्मभर मी नको ते काढत आलो, क्लाऊ. हे ऊन नको ते नाहीये."

त्याने स्वतःच्या शाळेविरुद्ध स्वतःच्या सुबक अक्षरात हरकत लिहिली. मावशीने चष्मा लावला. "'निवासयोग्यतेवर विपरीत परिणाम'? कोण बोलतं रे असं?" तिने सगळं खोडलं आणि खाली लिहिलं, 'मला दुपारचं ऊन हवं. शाळाही हवी.' मग सही केली.

सभेत अध्यक्षाने ते वाचून रिशकडे बघितलं. रिश उठला. "हरकत बरोबर आहे. जमीन खणून वर्ग मीटरभर खाली घेतो. पोरं सहा पायऱ्या उतरून आत जातील."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे झुरिकचे साहेब चुकले म्हणायचं!"

"चुकलो," रिश म्हणाला.

अध्यक्षाने मत मागितलं. कुणी हात वर करेना. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता.

आमच्या सभेत बायकांना मताचा हक्क मिळून जेमतेम वर्ष झालं होतं आणि मावशीने आजवर तो वापरला नव्हता. ती काठी टेकत उभी राहिली, काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात वर केले.

"मावशी, एकच मोजणार," अध्यक्ष म्हणाला.

"तू एकच मोज. दुसरा रिशला दिसू दे."

मग हशा झाला आणि हात वर होत गेले, अगदी मागच्या ओरडणाऱ्याचासुद्धा. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? रिश मात्र खाली बघून टोपी कुरवाळत बसला होता, आणि शाळा मंजूर झाल्याचं मला त्याला दोनदा सांगावं लागलं.