डब्यातली आमरी

मी आमरी. पावसाळ्यात चिबड, पाणथळ गवतातून वर येणारं पांढरं फूल. आता बोलतेय ती मात्र तेलाच्या एका गंजक्या डब्यातून.

पाली गावच्या तलावाच्या बांधाखाली, ओढ्याकाठच्या ओल्या गवतात मी जन्मले. मला ओळखणं अवघड नाही. रुंद पानं जमिनीलगत, मधून एक दांडा, आणि प्रत्येक फुलामागे बोटाहून लांब हिरवट शेपटी. दिवाळीच्या सुमारास मी वरून पार वाळते. खाली अंगठ्याएवढा कंद तेवढा जिवंत असतो. त्याला तेव्हा कोरडी माती लागते. उन्हाळाभर मी झोपते. माणसांना हे ठाऊक नसतं. वाळलेलं गवत कोण उकरून बघतं?

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात बजरंग नावाचा ऊसतोड्या कुदळ घेऊन आला. त्याची अकरा दिवसांची मुलगी गेली होती. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. त्यानं माझ्या शेजारी खड्डा खणला, तिला ठेवलं, वर तीन दगड रचले. ओढ्याला पाणी आलं आणि दगड वाहून गेले.

त्या दिवशी मुलीच्या आईला, विजयमालाला, कुणी येऊ दिलं नव्हतं. पुढच्या भाद्रपदात बजरंगनं सांगितलेल्या खुणेवर ती एकटीच आली आणि गवतातलं एकेक फूल उलटून बघू लागली. तेरडा सोडला, कुर्डू सोडला. माझं फूल उलटलं आणि थांबली.

"शेपटीचं फूल," ती पुटपुटली. "उशाला हेच होतं म्हनले."

मग ती माझ्याजवळ बसून राहिली, उन्हं कलेपर्यंत.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या गवतावर मुरूम टाकायला ट्रॅक्टर लागले. विजयमालानं मला खुरप्यानं ढेकळासकट उचललं. घरी जुन्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि मला त्यात लावलं.

"लोकं बिऱ्हाड बांधायलेत अन् तू फुलं लावायलीस," बजरंग म्हणाला.

"तुमी जागा सांगितली होती. आता ती जागाच न्हाई."

बजरंगनंच डबा भिंतीच्या सावलीला सरकवला.

दिवाळीनंतर दोघं माजलगावकडं ऊसतोडीला निघाली. जाताना विजयमाला सासूला, तुळजाबाईला, म्हणाली, "आत्याबाई, डब्याला पाणी तेवढं घालत जा. न्हाईतर मरंल ते."

"रोज घालते. माझी बी नातच हाय ती."

म्हातारीनं शब्द पाळला. माझी पानं पिवळी पडली तशी ती घाबरली. पाणी कमी पडतंय असं वाटून तिनं एकाचे दोन तांबे केले. फाल्गुनात गावात टँकर सुरू झाला. ती दिवसाआड अंघोळ करू लागली, पण माझं पाणी चुकलं नाही. डब्याची भोकं चिखलानं बुजली. मी आतून मऊ पडत चालले.

शेजारची छबुबाई हसली. "म्हातारे, रिकाम्या डब्याला काहून पाणी घालायलीस? डबा उगवायचाय का?"

"रिकामा न्हाई. आत माणूस हाय."

छबुबाईचं हसू जिरलं. दुसऱ्या दिवसापासून तीही येता-जाता तांब्याभर ओतू लागली.

पाडव्याच्या आधी विजयमाला परतली. ओझं न उतरवताच डब्याशी बसली.

"एक दिवस चुकवला न्हाई बघ," तुळजाबाई म्हणाली. "तरी का उगवंना गं?"

विजयमालानं बोट मातीत खुपसलं. मी तिच्या बोटाखाली लगद्यासारखी दबले. तिनं बोट नाकाशी नेलं. कुजका वास तिला कळला. डब्याखालचा चिखलही तिनं पाहिला. मग सासूच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघत राहिली.

"उन्हानं गेलं, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमी लई केलं."

आणि ओलं बोट तिनं पदराला पुसलं.

माझं आता फार उरलेलं नाही. एका कडेला मसुरीएवढा तुकडा अजून घट्ट आहे, पण ओल तिथंही पोचलीय. कुणी गवतातून आमरी घरी नेलीच, तर दिवाळीनंतर तिला कोरडं राहू द्या. मी पाण्यानं गेले, हे तुम्हाला सांगितलं. तुळजाबाईला मात्र सांगू नका.