ट्रेमधला पाहुणा

पोहण्याच्या मास्तरांना पुलाखालची नदी फक्त पास करून हवी होती. ती पास झाली की त्यांचा उन्हाळी वर्ग तिथे भरणार, हौदाचे भाडे वाचणार आणि घरातल्या स्टुलावर पालथी पडून हातपाय मारणारी धाकटी लेक खऱ्या पाण्यात उतरणार. शिवाय परीक्षा घेणारी सख्खी थोरली बहीण. यापेक्षा सोपा पेपर कुठला?

मित्रांनो, त्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या हाताखाली राबणारा मी एक जुना पांढरा ट्रे आहे. माझा जन्म खरे तर चहाच्या कपांसाठी झाला. एकदा किटली आपटून माझा टवका उडाला आणि मला चारचौघांत न्यायची ताईंच्या पाणीतपासणी कार्यालयाला लाज वाटू लागली. ताईंनी मला नदीच्या कामाला लावले. माझ्या पांढऱ्या अंगावर बारीकसा जीवही लपत नाही, एवढेच माझे शिक्षण.

नदीच्या तळाचे दगड पायाने हलवायचे, सुटून वाहणारे किडे जाळीत धरायचे आणि जाळी माझ्यात झटकायची. बिऱ्हाडकरू पाहून घराची दशा कळते, तशी किडे पाहून पाण्याची. तीन शेपट्यांचा किडा स्वच्छ पाण्याखेरीज कुठे टिकत नाही. लाल अळ्या घाणीतही सुखाने नांदतात. सुख नाही ते मला. सतत वळवळ, पळापळ, बुडबुडे. सपाट जागी ठेवले तरी माझ्या पोटातली कालवाकालव थांबत नाही.

त्या दिवशी मदतनीस रजेवर होता, म्हणून जाळी मास्तरांनी धरली. आधी शहराबाहेरच्या ओढ्यावर, मग पुलाखाली. पुलाखालचे पाणी माझ्यात पडताच मास्तर चिमटा घेऊन वाकले. पहिल्यांदा माझ्या टवक्याचा काळा डागच गोगलगाय समजून उचलू लागले. नवखे सगळेच तसे करतात, मी मनावर घेत नाही. तेवढ्यात लाल अळ्यांच्या गर्दीतून तीन शेपट्या सुळकन बाहेर आल्या.

“ताई, तीन शेपट्या. झाली की पास.”

ताई भिंग धरून बघत राहिल्या. किड्याच्या दोन्ही कुशींचे कल्ले नुसते फडफडत होते. तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर धडकत होता.

“हा इथला नाही,” त्या म्हणाल्या. “पाहुणा आहे.”

“असेना. घरात आहे ना? मग मोजायचा.”

“आपल्या घरात कुणी असं गुदमरतं का रे? ओढ्यावर जाळी धुतली होतीस?”

“धुतली की.”

“उलटी करून?”

मास्तर माझ्या टवक्याकडे बघू लागले. त्यांनी जाळी नुसती बुचकळली होती. शिवणीत अडकलेला किडा तिकीट न काढता पुलापर्यंत आला होता. एका किड्याने काय आभाळ कोसळणार आहे, सही करून टाक, असे ते पुटपुटले.

ताईंनी पाहुण्याला ओढ्याच्या पाण्याच्या बाटलीत सोडले. “पोहताना तुझ्या लेकीच्या तोंडात पाणी जातं ना?” एवढेच त्यांनी विचारले.

मास्तरांनी जाळी उलटी केली, शिवणी चोळून धुतली आणि पुन्हा पाण्यात उतरले. या खेपेला माझ्यात आल्या त्या लाल अळ्याच.

मित्रांनो, उद्या तुम्ही नदी तपासायला गेलात तर जाळी उलटी करून धुवा. आणि पुलाखाली जो जाडा पाइप नदीत रिकामा होतो, तो कुणाच्या मोरीतून सुरू होतो, हेही एकदा वाकून बघा. मला तर अजून चैन नाही.

मास्तरांचा वर्ग बुडाला. ताईंकडे भाऊ बरेच दिवस फिरकला नाही. ज्यांच्या मोऱ्या त्या पाइपात उतरतात, त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि घाण पाण्याच्या बादल्या पुन्हा मोरीत उपड्या केल्या. त्यांचे काहीच गेले नाही. बाटली ओढ्यावर पोचली तेव्हा पाहुण्याचे कल्ले थांबले होते. जो कुणाचेच देणे लागत नव्हता, त्याने सगळ्यांच्या वाटचे भरले.