चेक थांबवायचा अर्ज

शिरूरला मुलींच्या शाळेच्या छपरासाठी वर्गणीची सभा भरली होती. सावळारामने अडीचशे रुपये सांगितले आणि मिशीवरून हात फिरवला. ती मिशी जयसिंगरावांना पहिल्यापासूनच खुपत होती. ते ताडकन उठले, "पाचशे एक!" म्हणाले, कोरं चेकबुक काढलं आणि टाळ्यांच्या गजरात अशी झोकदार सही ठोकली की तिचं शेपूट कागदाच्या कडेला जाऊन भिडलं.

ते पैसे तेलाच्या इंजिनासाठी ठेवले होते, हे मांडवगणला घरी पोचल्यावर त्यांना आठवलं. आठवलं कसलं, बायकोनं, दगडाबाईंनी आठवण करून दिली.

"टाळ्यांवर मळा भिजतोय व्हय?"

सकाळी त्यांनी 'चेकचे पैसे देऊ नयेत' असा अर्ज खरडला आणि बँकेत जायला दौंडची एसटी गाठली. चेक घेऊन शाळेचे दानिएल मास्तर आधी पोचले तर इंजिन बुडालं, ही एकच धाकधूक. मध्येच शाळेचं गळकं छप्पर आठवायचं, तसे ते खिडकीबाहेर बघायचे. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

बँकेत शिरले, तर मास्तर खिडकीशी तोंड पाडून उभे. रांगेत मागे सावळाराम, मिशीसकट.

"जयसिंगराव! देवानंच धाडलं तुम्हाला," मास्तर म्हणाले. "सही जुळत नाही म्हणून चेक परत करताहेत."

कारकुनाने बँकेतली नमुन्याची सही दाखवली. अंग चोरून बसलेली, मुंगीएवढी. "अशीच पुन्हा करा. लगेच पैसे देतो."

जयसिंगराव गार पडले. म्हणजे घरी नुसते लोळत पडले असते, तरी चेक आपोआप परत गेला असता! आणि इथे ते पदरचं भाडं भरून आले होते.

"का रं जयसिंगा, हात आखडला का?" मागून आवाज आला.

जयसिंगरावांनी दातओठ खात मुंगीएवढी सही केली. मास्तरांचे डोळे भरून आले. नोटा मोजून झाल्यावर कारकुनाने विचारलं, "तुमचं काय काम होतं? तो कागद कसला?"

"काय न्हाई. सही बराबर हाय का, तेवढंच बघाय आलतो," म्हणत त्यांनी अर्ज मुठीत चुरगाळला.

घरी दगडाबाई दारातच उभ्या होत्या. "थांबला का चेक?"

"थांबलाच हुता गं," जयसिंगराव पायरीवर टेकत म्हणाले. "म्याच जाऊन सोडवला."