सुईआधी नाव

चोखून चोखून पांढरा पडलेला बाठा, चारी बाजूंनी पिंजारलेला.

खिडकीत पालथा घातलेला पेजेचा डबा.

"तीनशे बारा."

मे महिन्यात सगळ्यांनाच घाम येतो.

"तुझा नाव काय गो आजये?"

"तुळसा."

अनुजाचा हात थांबला. हातात इन्सुलिन भरलेली सुई होती.

कट्टा गावाजवळच्या त्या लहानशा रुग्णालयात अनुजा नर्स होती. औषध देण्याआधी ती प्रत्येकाला नाव विचारायची. "तुम्ही अमुक ना?" असं नाही. तसं विचारलं की माणूस कशालाही हो म्हणतं. नाव ज्याचं त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. सातव्या खाटेवरची ही म्हातारी साखरेची, पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झालेली. तिच्या मनगटावरच्या पट्टीवर नाव सावित्री. रोज विचारलं की रोज सांगायची, "सावित्री," आणि वर एक टोमणा, "नाव काय रोज बदालता माझा?"

आज नाव बदललं होतं आणि टोमणा आलाच नव्हता.

"चेष्टा करता ती," उशाशी स्टुलावर बसलेले गणपत म्हणाले. म्हातारीचे यजमान. तोंडात एकही दात नाही. "सावित्रीच ती. माझी बायल मी वळखूचंय नाय?"

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. "सिस्टर, आंबो खाल्ल्यान आसतलो चोरून. गोडाची नशा चढली तिका."

तसं वाटण्यासारखंच होतं. वॉर्डभर आंब्याचा वास सुटला होता, बाठा खिडकीत पडला होता आणि मशीन तीनशे बारा सांगत होतं. ते वाचून अनुजाही आधी चिडलीच होती. "आजये, आंबो खाल्लंस?" त्यावर म्हातारीनं नुसती मान हलवली होती. नाय.

साखर तीनशेवर गेली तर दुपारी किती इन्सुलिन द्यायचं, ते डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं. माणूस ओळखीचं, आकडा स्पष्ट, हुकूम स्पष्ट. सुई टोचायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं.

पण ही तुळसा कोण?

अनुजानं सुई ट्रेमध्ये ठेवली. म्हातारीच्या कपाळाला हात लावला. घाम होता. वॉर्डात पंखा नुसता नावाला फिरत होता, घाम तर गणपतांनाही होता, तिला स्वतःलाही होता. तिनं गणपतांचा हात धरून पाहिला.

"माका काय करतंस गो? मी बरो आसय."

त्यांचा घाम कोमट होता. म्हातारीचा गार.

तिनं बाह्यरुग्ण विभागात फोन लावला. "सर, सात नंबरची साखर तीनशे बारा आहे. पण आजी स्वतःचं नाव चुकतायत. अंग गार लागतंय."

डॉक्टर मिहीरच्या मागे पेशंटांचा गलका ऐकू येत होता. "तीनशे बारा असेल तर इन्सुलिन देऊन..." तो थांबला. "तुम्हाला काय वाटतंय?"

"साखर कमी झाल्यासारखं वाटतंय. आकडा उलटं सांगतोय."

"मग देऊ नका. परत तपासा. मी येतोच."

परत तपासायचं म्हणजे तेच बोट, तेच मशीन. अनुजानं म्हातारीचं बोट स्पिरिटच्या कापसानं पुन्हा पुसलं, आणि टोचायला म्हणून घट्ट धरलं, तर तिचा अंगठा त्या बोटाला किंचित चिकटला. तिनं बोट नाकाशी नेलं. स्पिरिटच्या खालून रायवळ आंबा आला.

"आजोबानू, खरा सांगा. आंबो कोणी खाल्ल्यान?"

"मी." गणपत ओशाळले. "माका दात नाय मा. हिनाच पिळून रस काढून दिल्यान. चाटूक बोटसुद्धा तोंडात घालूक नाय. डॉक्टरान नको म्हटल्यान म्हणान."

अनुजा साबण आणि पाणी घेऊन आली. म्हातारीचे दोन्ही हात मनगटापर्यंत धुतले, कोरडे केले, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. आधीच्या थेंबात रक्तापेक्षा आंबाच जास्त बोलला होता.

सेहेचाळीस.

ट्रेमधली सुई तिनं उचलली आणि बाजूला नेऊन टाकली. चमचाभर पाणी पाजून म्हातारी नीट गिळते हे पाहिलं, मग ग्लुकोजचं पाणी तोंडाला लावलं. तोवर मिहीर धावत आला, हाताला लावून ठेवलेल्या सलाईनच्या सुईतून त्यानं ग्लुकोज दिलं.

"सकाळचं इन्सुलिन गेलं होतं, खाणं झालं होतं ना?"

"डबा रिकामा होता, सर," अनुजा म्हणाली, आणि म्हणतानाच गणपतांकडे वळली.

"पेज तिका जायना," गणपत हळूच म्हणाले. "टाकूची कशी? मीच खाल्लंय. तू ओरडतलंस म्हणान डबो धुवन ठेवलंय."

"ओरडतलंयच आता. तुमका!"

थोड्या वेळानं साखर पुन्हा पाहिली, धुतलेल्या बोटावर. एकशे दहा. म्हातारीनं डोळे नीट उघडले, आजूबाजूला जमलेली माणसं पाहिली आणि लुगडं सारखं केलं.

"तुझा नाव काय गो आजये?"

"सावित्री. नाव काय रोज बदालता माझा?"

अनुजा हसली. पण तिला राहवेना. पुढच्या पाळीच्या नर्सला काय सांगायचं ते तिच्या मनात पक्कं झालं होतं: आधी साबणानं हात, आणि खाणं डोळ्यांदेखत, डबा बघून नाही. तेवढ्यानं काम संपलं होतं. प्रश्न संपला नव्हता.

"मगे तुळसा कोण?"

म्हातारीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुका कोणी सांगल्यान?"

"तूच."

"मी?" ती छताकडे पाहत म्हणाली. "ता माझा म्हायेरचा नाव. मिठबावचा. लग्नात ह्यांनी सावित्री केल्यानी. आता त्या नावान हाक मारणारा कोणच उराक नाय."

गणपत स्टुलावर पुढे सरकले. "तुळसा होता काय? माका आठावना नाय गो." मग त्यांनी ते तोंडातल्या तोंडात, दात नसलेल्या हिरड्यांवर घोळवून पाहिलं. "तुळसा."

"गप रवा," म्हातारी म्हणाली. "लोका आसत." पण तोंड तिनं भिंतीकडे फिरवलं नाही.

लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात गणपतांनी अंगठीनं 'सावित्री' लिहिलं, तेव्हा नवरीला वाचता येत नव्हतं.